भारताला वाइल्ड कार्ड देऊ नका : आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि परिषदेचे सर्व सदस्य,
आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ,
बासेल, स्वित्झर्लंड

विषय : पुरुषांच्या जागतिक स्पर्धेतील आमंत्रणाच्या जागांबाबत.

सप्रेम नमस्कार.

दर दोन वर्षांनी जानेवारीत तुमची पुरुषांची जागतिक स्पर्धा भरते. आमच्या महाराष्ट्रात तो महिना क्रिकेटचा आणि गावोगावच्या कबड्डी सामन्यांचा. हँडबॉल म्हटलं की “म्हणजे व्हॉलीबॉल ना?” असं विचारणारे लोक इथे बहुसंख्य आहेत, आणि त्यात सुशिक्षितही आले. तरीसुद्धा युरोपातला रात्री साडेआठचा सामना आमच्याकडे मध्यरात्रीनंतर एक वाजता मोबाइलवर बघणारी काही माणसं इथे आहेत. कुणी क्रीडाशिक्षक, कुणी जिल्हा संघटनेचा चिटणीस, कुणी खेळाच्या जोरावर पोलिसात किंवा रेल्वेत लागलेला जुना खेळाडू. हे पत्र त्यांतल्याच एका प्रशिक्षकाचं आहे.

मागणी जरा उलटी वाटेल. पुढेमागे भारताच्या पुरुष संघाला वाइल्ड कार्ड, म्हणजे पात्रता न खेळता आमंत्रणाची जागा, देऊन जागतिक स्पर्धेत घ्यावं असा विषय तुमच्या बैठकीत आला, तर तो फेटाळून लावा.

असा प्रस्ताव आज कुणी मांडला आहे असं मी म्हणत नाही. पण तो येण्याची सगळी तयारी झालेली दिसते. २०२१ पासून तुम्ही स्पर्धा २४ संघांवरून ३२ वर नेली. त्यात दोन जागा परिषदेने आपल्या मर्जीने द्यायच्या. त्या वर्षी त्या पोलंड आणि रशियाला मिळाल्या. २०२५ मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंडला. अमेरिकेला का, हे कुणी विचारलं नाही, कारण २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता भारताने २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी इरादापत्र दिलेलं आहे. दीडशे कोटींच्या घरातली लोकसंख्या, एवढा मोठा प्रेक्षकवर्ग, शिवाय होऊ घातलेला यजमान. तुमच्या जागी बसलेल्या कुणालाही मोह होईल. इथल्या पुढाऱ्यांना तर होईलच होईल.

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल.

आमच्याकडे हँडबॉल शाळेतून वाढतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा होतात. मैदान बहुतेक ठिकाणी मुरमाचं, क्वचित सिमेंटचं. सकाळी फक्की मारून ४० बाय २० मीटरचा चौकोन आखायचा आणि दोरी धरून गोलसमोरची सहा मीटरची रेषा काढायची. तिला आमची पोरं ‘डी’ म्हणतात. दुपारपर्यंत ती डी बुटांनी पुसली जाते आणि मग पाय आत होता की बाहेर यावर पंचांशी हुज्जत. तुमच्या स्पर्धेत विंगचा खेळाडू कोपऱ्यातून उडी घेऊन डीवर आडवा होत गोल मारतो. पिव्होट, म्हणजे डीच्या कडेवर बचावपटूंच्या मध्ये उभा राहणारा खेळाडू, पाठीवर बचावपटू घेऊन वळतो आणि पडता पडता चेंडू सोडतो. आमच्या पोराने मुरमावर असं केलं तर कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघतं. त्यामुळे तो पडायला शिकतच नाही. उभ्याने मारायला शिकतो. पुढे कधी राष्ट्रीय शिबिरात लाकडी किंवा मॅटच्या कोर्टवर गेला की अंगात भिनलेली ती भीती जायला फार वेळ लागतो. युरोपात चेंडूला गोंद लावतात, म्हणून तिथला खेळाडू एका हातात चेंडू धरून मनगट हवं तसं फिरवू शकतो. आमच्या मैदानावर गोंद लावला तर चेंडूपेक्षा मुरूमच जास्त चिकटेल. बिनगोंदाचा चेंडू आणायचा प्रयत्न तुम्ही मध्यंतरी केलात. युरोपातल्या खेळाडूंनी नाकं मुरडली, पण आम्हाला मात्र तो प्रयत्न मनापासून आवडला. हे इथेच सांगून ठेवतो, नाहीतर पत्र नुसतंच तक्रारीचं वाटायचं.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची, आणि वाइल्ड कार्डच्या बाबतीत माझी खरी धास्ती तीच आहे. इथली बरीच मुलं प्रमाणपत्रासाठी खेळतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शेतमजुराचा किंवा रिक्षावाल्याचा मुलगा त्यासाठी घाम गाळत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी स्वतः पोरांना तेच सांगून मैदानावर आणतो. पण ज्या देशात आंतरराष्ट्रीय सहभागाच्या कागदाला एवढं वजन आहे, तिथे जागतिक स्पर्धेची जागा न खेळता मिळाली तर काय होईल? संघ निवडीची बैठक म्हणजे सोळा कागदांची वाटणी होईल. ज्याचा जंप शॉट चांगला तो गेला काय नि राहिला काय. पात्रता खेळून मिळवायची असेल तर निवड समितीवर आपोआप दडपण राहतं, कारण वाईट संघ पाठवला तर जागा हुकते. आयती जागा मिळाली की ते दडपणच संपतं. हा आमच्या घरातला दोष आहे हे कबूल. पण तो माहीत असताना तुम्ही त्याला खतपाणी घालू नये.

आता तुमच्या घरातलं.

२०१५ ची स्पर्धा कतारला होती. तिच्या आदल्या वर्षी, जुलै २०१४ मध्ये, पात्रतेचं सगळं चित्र स्पष्ट झाल्यावर तुम्ही ऑस्ट्रेलियाची जागा काढून घेतलीत. ओशनियाला मान्यताप्राप्त खंडीय महासंघ नाही, सबब त्या खंडाला हक्काची जागा नाही, असं कारण दिलं. ती जागा जर्मनीला दिली. जर्मनी त्याच्या महिनाभर आधी प्ले-ऑफमध्ये पोलंडकडून दोन्ही सामने एकेका गोलने हरून बाहेर पडला होता. युरोपच्या यादीत राखीव म्हणून पहिला क्रमांक आइसलँडचा होता. तुम्ही मागच्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकाचा निकष काढलात, आणि त्या निकषात जर्मनी बरोब्बर बसला. आइसलँडचे लोक संतापले. त्यांना नोव्हेंबरात जागा मिळाली, पण तीही मैदानावर नाही. बहारीन आणि संयुक्त अरब अमिरातीने कतारशी राजकीय वाद झाल्यावर माघार घेतली, मग आइसलँड आणि सौदी अरेबिया आत आले. म्हणजे एका स्पर्धेतल्या तीन जागा टेबलावर भरल्या गेल्या.

जर्मनी हा मोठा संघ आहे, यात वाद नाही. तीन वेळा जगज्जेता, हजारो क्लबांचा देश, तुमच्या खेळाची सर्वांत मोठी बाजारपेठ. त्या स्पर्धेत तो सातवा आला, आणि पुढच्याच वर्षी क्राकोव्हच्या अंतिम सामन्यात स्पेनला २४-१७ असं लोळवून युरोपचा विजेता झाला. तेव्हा ‘नालायक संघाला घेतलं’ असं कुणी म्हणू शकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. नियम आधी लिहिलेला नव्हता. सामने झाले, निकाल लागले, आणि मग नियम आला.

ऑस्ट्रेलियाबद्दलही मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. १९९९ पासून २०१३ पर्यंत ओशनियाच्या नावाने तो संघ जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत यायचा. २००३ मध्ये पोर्तुगालमध्ये आइसलँडने त्यांना ५५-१५ हरवलं. २००७ ला फ्रान्सने ४७-१०. २०१३ ला स्पेनने ५१-११. साठ मिनिटांच्या सामन्यात पन्नास गोल म्हणजे दर मिनिटाला जवळपास एक. त्यांचे खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळणारे, स्वतःच्या खिशातून खर्च करणारे होते. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण दहाव्या मिनिटाला सामना संपलेला असताना उरलेली पन्नास मिनिटं गोलरक्षकाने काय शिकायचं? पहिल्या पराभवातून माणूस शिकतो. दर दोन वर्षांनी त्याच अंतराने हरणं ही शिकवणी नसते. आणि मधल्या दोन वर्षांत त्यांना तोलामोलाचे सामने कुणी दिले? न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली बेटं सोडली तर कुणीच नाही. आता ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आशियाई स्पर्धेत खेळतात. माझ्या मते हे त्यांच्यासाठी फार बरं झालं. ही व्यवस्था तुम्ही आधी करून मग त्यांची जागा काढली असती, तर एवढं वाईट दिसलं नसतं.

भारताच्या पुरुष संघाची आजची ताकद मला ठाऊक आहे. वाइल्ड कार्ड घेऊन आम्ही गेलो आणि गटात डेन्मार्क आला, तर धावफलकावर काय दिसेल याचा अंदाज मी बांधू शकतो. २०१९ पासून त्यांनी सलग चार विजेतेपदं घेतली आहेत. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. २०२५ च्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी ब्राझीलला बारा गोलांनी हरवलं, आणि हा तोच ब्राझील ज्याने गटात यजमान नॉर्वेला ओस्लोतच धक्का दिला होता. त्यांच्या मॅथियस गिडसेलसारखा अंगाने फार धिप्पाड नसलेला, पण दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून पाण्यासारखा सुटणारा खेळाडू आमच्या मुलांनी जरूर बघावा. त्याच्यासमोर उभं राहायच्या आधी त्यांनी आशियात चाळीसएक सामने तरी खेळलेले असावेत.

पासपोर्टाचा विषयही काढायला हवा, कारण कतारचं नाव आलंच आहे. २०१५ चा कतारचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. युरोपबाहेरच्या देशाने पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत पदक मिळवल्याचा तेवढा एकच प्रसंग आहे. आशियाई म्हणून मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण गोलमध्ये बाल्कनमधून आलेला दानिएल शारिच, बचावात २०११ ला फ्रान्सकडून विश्वविजेता झालेला बर्त्रां रोइने, बाकावर २०१३ ला स्पेनला सुवर्ण मिळवून दिलेला प्रशिक्षक व्हालेरो रिव्हेरा. प्रेक्षकांत घोषणा देण्यासाठी स्पेनहून आणलेले पाठीराखेसुद्धा होते. तुमच्या नियमात हे बसत होतं. आधीच्या देशाकडून तीन वर्षं न खेळलेला खेळाडू नव्या देशाकडून उतरू शकतो.

स्थलांतराला माझा विरोध नाही. निकोला काराबातिच सर्बियातल्या निशमध्ये जन्मला आणि लहानपणी फ्रान्सला आला. फ्रान्सकडूनच खेळलेला जॅक्सन रिचर्डसन हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा. तालांत दुयशेबायेव किरगिझस्तानचा. तो १९९३ ला रशियाकडून विश्वविजेता झाला, पुढे स्पेनकडून खेळला, आणि त्याची दोन्ही मुलंही स्पेनकडून खेळली. माणसं घर करतात, मुलं वाढवतात, तिथली होतात. याला कोण नाव ठेवील? पण अख्खा संघच मागवता येतो म्हटल्यावर शेजारच्या देशांनी शाळांवर पैसे का खर्च करावेत? २०१४ पासून २०२४ पर्यंतच्या सहाही आशियाई विजेतेपदांवर कतारचं नाव आहे. हे लिहितानाही हे मान्य करतो की अलीकडच्या कतारी संघात तिथेच वाढलेली मुलं दिसू लागली आहेत, आणि तसं होत राहिलं तर माझी ही तक्रार आपोआप शिळी होईल.

आता ज्यांनी रांगेत उभं राहून जागा मिळवली, त्यांच्याबद्दल. हा भाग मला सगळ्यांत आवडीचा आहे.

इजिप्तने १९९३ साली स्वतःच्या देशात ज्युनियर विश्वविजेतेपद मिळवलं. ती पिढी मोठी झाली आणि २००१ ला पुरुषांच्या स्पर्धेत चौथी आली. मग जरा उतार आला. पण खालून मुलं येत राहिली. २०१९ ला त्यांच्या एकोणीस वर्षांखालील संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला हरवलं. २०२१ च्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी डेन्मार्कला दोनदा जादा वेळ आणि मग पेनल्टीपर्यंत खेचलं. त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. २०२५ ला फ्रान्सकडून ३४-३३ अशी हार, तीही शेवटच्या क्षणी लुका काराबातिचने मारलेल्या गोलने. हा संघ आता पाहुणा राहिलेला नाही.

पोर्तुगाल २००३ चा यजमान होता. त्यानंतर २०२१ पर्यंत, म्हणजे सतरा-अठरा वर्षं, तो एकदाही पात्र ठरला नाही. यजमानपद देऊन खेळ वाढतो असं म्हणणाऱ्यांनी ही वर्षं मोजावीत. तो परत आला तो क्लबांच्या जोरावर. पोर्टो, स्पोर्टिंग, बेनफिका हे आपल्याला फुटबॉलमुळे माहीत असलेले क्लब हँडबॉलही खेळतात, आणि युरोपातल्या चांगल्या संघांशी हंगामभर खेळतात. २०२५ मध्ये मार्टिम आणि फ्रान्सिस्को या कोस्टा बंधूंच्या संघाने जर्मनीला जादा वेळेत एका गोलने घरी पाठवलं. तिसऱ्या क्रमांकासाठी फ्रान्सशी ३४-३५ असे हरले. चौथे आले, पण स्पर्धा बघणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यांत देखणा हँडबॉल कुणाचा होता ते.

केप व्हर्देचं उदाहरण तुमच्याच बाजूचं आहे, म्हणून मुद्दाम देतो. २०२१ ला ते पहिल्यांदा आले आणि करोनामुळे खेळाडूच पुरेनात, एका सामन्यानंतर परत गेले. कुणीही खचलं असतं. पुढच्या वर्षी ते आफ्रिकेच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धेत गटफेरीच्या पुढची मुख्य फेरी गाठली. ३२ संघांची स्पर्धा केली नसती तर हे घडलं असतं का, असं तुम्ही विचाराल. कदाचित नसतं. स्पर्धा मोठी केल्याबद्दल माझी तक्रार नाहीच. गिनी, काँगो, केप व्हर्दे हे देश आफ्रिकेत खेळून आले. २०२१ ला काँगोचा गोतिए मुंबी हा अगडबंब पिव्होट जगभर लाडका झाला तो काही दयेच्या जागेवर खेळत नव्हता.

आणि फेरो बेटं. लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास, आमच्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०२४ च्या युरो स्पर्धेत बर्लिनमध्ये नॉर्वेविरुद्ध शेवटच्या मिनिटांत ते तीन गोलांनी मागे होते. वेळ संपल्यावर उरलेला सात मीटरचा फटका, म्हणजे हँडबॉलची पेनल्टी, एलियास एलेफसेनने आत घातला आणि सामना २६-२६ बरोबरीत सुटला. त्या सभागृहात देशातली मोठी टक्केवारी हजर होती. एवढ्याशा बेटांना वाइल्ड कार्ड देण्यात कुणाचाच बाजारी फायदा नव्हता, आणि म्हणूनच त्यांना ते कधी मिळालं नाही. त्यांनी पात्रता खेळून मिळवली.

आइसलँडबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. चार लाखांहून कमी लोकांचा देश, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं रौप्य त्यांच्याकडे. पण मला हेवा वाटतो तो त्यांच्या प्रशिक्षकांचा. गुडमुंडुर गुडमुंडसनने डेन्मार्कला रिओत सुवर्ण दिलं. आल्फ्रेड गिस्लासनने जर्मनीला पॅरिसचं रौप्य. डागुर सिगुर्डसन जर्मनीला युरोपविजेता करून जपानला गेला, तिथे कित्येक वर्षं राबला, आणि २०२५ ला क्रोएशियाला अंतिम फेरीत घेऊन गेला. आरोन क्रिस्त्यानसनने बहारीनला ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. जपान आणि बहारीन हे आमच्याच खंडातले संघ. एक चांगला प्रशिक्षक सलग पाच-सात वर्षं टिकला तर आशियातल्या संघाचं काय होतं हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

आशियाने तुम्हाला कमी दिलेलं नाही. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाचे पुरुष रौप्यपदक घेऊन गेले. त्यांच्या यून क्युंग-शिनने १९९५ च्या जागतिक स्पर्धेत ८६ गोल केले. तो आकडा मागे टाकायला २००९ साल उजाडावं लागलं. पण याच खंडात २००७ ला टोयोटा शहरात ऑलिंपिक पात्रतेचे सामने झाले तेव्हा पंचगिरी इतकी एकतर्फी झाली की तुम्हाला ते सामने रद्द करून पुन्हा घ्यावे लागले. जानेवारी २००८ मध्ये टोकियोत कोरियाने जपानला हरवलं आणि ऑलिंपिकची जागा घेतली. तेव्हा तुम्ही आशियाई महासंघाचा रोष पत्करलात, आणि जागा कोर्टवर ठरली पाहिजे असं ठणकावलंत. असं ठणकावणाऱ्या तुमच्या महासंघाला उद्देशून मी हे पत्र लिहितो आहे.

खेळ पसरतो कसा, हे आम्हा मराठी माणसांना एका बाबतीत दुसऱ्या बाजूने माहीत आहे. कबड्डी आमची. पण २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत इराणने भारताला उपांत्य सामन्यात हरवलं. आमच्या घराघरांत सुतक पडलं. त्या इराणी संघातले खेळाडू प्रो कबड्डीत आमच्याच पोरांबरोबर खेळून तयार झाले होते. फझल अत्राचलीला तर यू मुंबाचे प्रेक्षक आपलाच मानायचे. इराणला कुणी फुकट पदक दिलं नव्हतं. त्यांना खेळायला मिळालं, हंगामामागून हंगाम, सगळ्यांत चांगल्या खेळाडूंच्या शेजारी उभं राहून.

हँडबॉलमध्ये आम्हाला हेच हवं आहे. २०२३ च्या जूनमध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते आणि महाराष्ट्र आयर्नमेन विजेते ठरले. परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने खेळताना आमच्या मुलांच्या पासचा वेग बदललेला मी पाहिला. मुलींकडे बघा. मार्च २०२२ मध्ये भारताच्या ज्युनियर मुलींनी अल्माटीत आशियाई विजेतेपद जिंकलं आणि त्याच जोरावर जागतिक ज्युनियर स्पर्धेला गेल्या. तिथे फारसं यश आलं नाही. पण त्या कुणाच्या मेहरबानीने गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्या गावातल्या धाकट्या मुलींना हा फरक बरोब्बर कळतो.

तेव्हा द्यायचंच असेल तर हे द्या.

त्या दोन जागांसाठी खंडाखंडांतल्या काठावर हुकलेल्या संघांचे सामने लावा. चार संघ, एक आठवडा, एक सभागृह. जर्मनीसारखा संघ हुकला असेल तर तो तिथे जिंकून येईल, त्याला तुमच्या मदतीची गरज नाही. आणि हे जमणार नसेल तर निदान वाइल्ड कार्डचे निकष पात्रता फेऱ्या सुरू व्हायच्या आधी लिहून जाहीर करा.

आशियातल्या खालच्या फळीसाठी दरवर्षीचे सामने हवेत. भारत, बांगलादेश, उझबेकिस्तान, न्यूझीलंड, हाँगकाँग अशा संघांना दोन वर्षांतून एकदा भेटून भागत नाही. दोन-तीन गोलांनी हरण्या-जिंकण्याचे सामने वर्षाला दहा-बारा मिळाले, तर शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात द्यायचा हे कळायला लागतं. ते शिबिरात शिकवता येत नाही.

मॅट द्या. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तशी हँडबॉलचीही गुंडाळून नेता येणारी मॅट प्रत्येक राज्यात एक असली तरी आमचे विंग आणि पिव्होट पडायला शिकतील. प्रशिक्षकांचे आणि पंचांचे वर्ग मराठीत, हिंदीत, तेलुगूत घ्या. खेडेगावातल्या क्रीडाशिक्षकाला पॅसिव्ह प्लेचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता नुसता चेंडू फिरवत राहण्याबद्दलचा, बदललेला नियम इंग्रजी पीडीएफमधून वाचायला लावू नका. आजही कित्येक ठिकाणी जुन्याच नियमाने शिट्ट्या वाजतात, आणि त्यात बिचाऱ्या पंचांचा काही दोष नसतो.

आणि सामने दिसू द्या. २०१७ ला खुद्द जर्मनीत तुमची जागतिक स्पर्धा एकाही मोठ्या वाहिनीवर नव्हती. शेवटी डीकेबी नावाच्या एका बँकेने इंटरनेटवरून ती दाखवली. हक्क विकण्याच्या घोळात हँडबॉलच्या माहेरघरातल्या लोकांवर बँकेच्या पानावर सामना बघायची वेळ आली. भारतात तुम्हाला हक्कांचे असे कितीसे पैसे मिळतात? इथे सगळे सामने कायम मोफत ठेवा, जमलं तर हिंदी समालोचनासह. शाळेतल्या पोराला गिडसेल दिसला तर तो दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करणारच. मुरमावर का होईना.

तुमच्या महासंघाचा कारभार इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन भाषांत चालतो असं ऐकून आहे. उत्तर त्यांपैकी कुठल्याही भाषेत पाठवलंत तरी चालेल, आम्ही कुणाकडून तरी वाचून घेऊ. फक्त पुढच्या पात्रता फेऱ्या सुरू होण्याआधी पाठवा.

कळावे,

आपला,
महाराष्ट्रातील एक हँडबॉल प्रशिक्षक